सोडलेला कागद: आजच्या जलरंगी निसर्गचित्राची पार्श्वभूमी

जलरंगातलं चांगलं निसर्गचित्र पाहिलं की पहिली दाद बहुतेक वेळा एकाच गोष्टीला मिळते: "किती सहज केलंय!" मेलबर्नचे जोसेफ झ्बुकविच यांच्या चित्रांपुढे तर हमखास. जन्म १९५२ सालचा, झाग्रेबचा. कारकीर्द सगळी ऑस्ट्रेलियात. पावसानं चिंब रस्ता, धुक्यात विरघळत गेलेल्या इमारती, दोन-तीन फटकाऱ्यांत उभी राहिलेली माणसं आणि मधेच ओल्या जमिनीवर लख्ख चमकणारा उजेडाचा पट्टा. आता त्या पट्ट्याजवळ डोळे नेले तर तिथे रंगच नसतो. तिथे नुसता कागद आहे. चित्रकारानं तेवढी जागा पहिल्या वॉशच्या, म्हणजे पाणीदार रंगाच्या पसरट थराच्या, वेळीच सोडली होती, आणि पुढचं सगळं काम तिला सांभाळत झालं.

तैलरंगात उजेड शेवटी येतो. अंधारावर पांढऱ्याचा जाड ठिपका ठेवला की झालं. पारदर्शक जलरंगात हे चालत नाही. बाभूळजातीच्या झाडाच्या डिंकात घोटलेलं रंगद्रव्य पाण्यात पसरतं, पाणी उडून जातं आणि कागदावर रंगाचा अगदी पातळ थर उरतो. प्रकाश त्या थरातून आत जातो, पांढऱ्या कागदावर आपटतो आणि त्याच थरातून परत बाहेर येतो. म्हणजे चित्रातला उजेड कागदाच्या मालकीचा. तो झाकला की गेला. या एका अडचणीभोवती जलरंगाचा बराचसा इतिहास फिरलेला आहे, आणि आजच्या चित्रकाराची सहजता समजून घ्यायची तर तो इतिहास थोडा उलगडावा लागतो.

कागद कोरा ठेवून धुकं दाखवायची युक्ती चीनमधल्या शाईच्या चित्रांत फार जुनी. ग्वो शी या चित्रकाराचं वसंतारंभाचं प्रसिद्ध निसर्गचित्र १०७२ सालचं. ते रेशमावरचं, पण डोंगरांच्या मधली पोकळी न रंगवता बोलकी करायची रीत त्यात पुरती पक्व झालेली दिसते. युरोपात हे बरंच उशिरा आलं, आणि आलं ते वेगळ्याच वाटेनं. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररनं १४९४-९५ च्या इटलीप्रवासात आल्प्सच्या परिसरातली ठिकाणं जलरंगात टिपली. यातली काही चित्रं अर्धवट वाटतात: मधला डोंगर तब्येतीनं रंगवलेला, पुढची जमीन दोन हलक्या वॉशवर सोडून दिलेली. ती विकण्यासाठी नव्हती, स्वतःजवळ ठेवायच्या नोंदी होत्या. म्हणूनच कदाचित ती आजही ताजी वाटतात.

त्यानंतरची दोन-अडीचशे वर्षं युरोपात जलरंगाचं स्थान दुय्यमच राहिलं. नकाशे रंगवणं, वनस्पतींची चित्रं, इमारतींचे आराखडे ही त्याची कामं. इंग्लंडमध्ये निसर्गचित्राची जी परंपरा पुढे फोफावली तिचं मूळही बरंचसं मोजणीखात्यातलंच. स्कॉटलंडमधलं १७४५ चं बंड मोडल्यावर तिथे लष्करी सर्वेक्षण सुरू झालं, त्यात पॉल सँडबी हा तरुण नकाशे काढायला होता. पुढे त्याला इंग्लिश जलरंगाचा जनक म्हणू लागले. त्या काळची पद्धत अशी: आधी पेनानं रेखाटन, मग करड्या रंगात सगळी छायाप्रकाशाची मांडणी, आणि सरतेशेवटी त्यावर स्थानिक रंगांचे फिके थर. गवत हिरवं, कौलं तांबडी, आकाश निळं. रेखाटनाला रंग 'भरण्याचा' हा प्रकार. चित्र नीट असे, माहिती देणारं असे. पण हवा त्यात क्वचितच येई.

हवा यायला दोन तांत्रिक गोष्टी घडाव्या लागल्या, आणि दोन्ही कारखानदारीतल्या. पहिली कागदाची. जुन्या हातकागदावर साच्यातल्या तारांच्या समांतर रेघा उमटत. पातळ वॉश त्या रेघांत साचून पट्टेपट्टे दिसे. जेम्स व्हॉटमन यांच्या गिरणीनं १७५० च्या दशकात विणलेल्या जाळीच्या साच्यावर सलग पोताचा कागद काढला. त्याला जिलेटिनचं साइझिंग, म्हणजे पाणी चटकन मुरू न देणारा लेप, चांगलं असे, त्यामुळे रंग लगेच शोषला न जाता पृष्ठभागावर थोडा वेळ खेळता राहायचा. हवा तर पुसता यायचा, खरवडता यायचा. दुसरी गोष्ट रंगाची. तोवर चित्रकाराला किंवा त्याच्या शिष्याला रंग घोटावे लागत. विल्यम आणि थॉमस रीव्ह्ज या भावांनी रंगाच्या तयार वड्या बनवल्या, १७८१ मध्ये लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सनं त्याबद्दल त्यांचा गौरव केला. वड्यांची पेटी खिशात मावू लागली आणि चित्रकार घराबाहेर पडला. 'ऑन द स्पॉट' कामाचं सगळं कौतुक आपण प्रतिभेच्या खाती जमा करतो. त्यातलं थोडं या वडीवाल्यांच्या खाती टाकायला हरकत नाही.

आणि मग लंडनमधल्या एका डॉक्टरचं घर. डॉ. थॉमस मन्रो मनोरुग्णांवर उपचार करत. जॉन रॉबर्ट कझन्स हा विलक्षण हळवा निसर्गचित्रकार १७९४ पासून त्यांच्या देखरेखीखाली होता. आल्प्स आणि इटलीची त्याची चित्रं म्हणजे करड्या-निळ्या शांततेचे प्रदेश. मन्रोंना चित्रांचा भारी नाद. ते संध्याकाळी तरुण चित्रकारांना घरी बोलावून कझन्सच्या रेखाटनांच्या नकला करून घेत. त्यात दोघं एकाच वयाचे, दोघांचा जन्म १७७५ चा: टॉमस गर्टिन आणि जे. एम. डब्ल्यू. टर्नर. समकालीन चित्रकार जोसेफ फॅरिंग्टन यांच्या रोजनिशीत नोंद आहे की ही मुलं सहाला येत, दहापर्यंत थांबत. गर्टिन रेषा काढी आणि टर्नर त्यावर वॉश टाकी. टर्नरला रात्रीचे साडेतीन शिलिंग मिळत. कुठल्याही कलाशाळेपेक्षा ही शिकवणी पक्की ठरली, असं माझं मत. नकला करता करता दोघांनाही कळलं की आधी करडं आणि मग रंग ही शिडी लागतच नाही. रंगानंच थेट छायाप्रकाश बांधता येतो.

गर्टिनचं १८०० मधलं चेल्सीच्या पांढऱ्या घराचं चित्र पाहावं, ते लंडनच्या टेट संग्रहात आहे. संध्याकाळची थेम्स, आडवा पसरलेला काठ, एक पवनचक्की, सगळं मंद होत चाललेलं. आणि काठावर एक छोटं घर, भक्क पांढरं, खाली पाण्यात त्याचं प्रतिबिंब. घर म्हणजे सोडलेला कागद, बाकी काही नाही. भोवतीचे टोन, म्हणजे फिक्या-गडद छटा, इतके जपून उतरवलेत की तेवढा नखाएवढा कागद दिव्यासारखा पेटतो. कागद सोडणं आणि त्याला उजळवणं यात फरक आहे: नुसती जागा मोकळी ठेवून भागत नाही, शेजारच्या छटा अचूक लागतात. टोनल व्हॅल्यू म्हणून आज शिक्षक जे घोकून घेतात ते इथे एका घरात मावलंय. गर्टिन १८०२ मध्ये वारला, वय २७. "टॉम जगला असता तर मी उपाशी मेलो असतो," असं टर्नर म्हणाल्याचं सांगतात.

टर्नर उपाशी मेला नाही. त्यानं कागदाशी अक्षरशः झटापट केली. १८१८ मध्ये यॉर्कशायरमधल्या फार्नली हॉलला तो मित्राकडे, वॉल्टर फॉक्स यांच्याकडे उतरला होता. युद्धनौका केवढी असते ते दाखव, असं यजमानानं म्हटल्यावर त्यानं एका सकाळीत सामान भरून घेणाऱ्या जहाजाचं चित्र केलं. घरच्यांनी नंतर सांगितलं ते असं: आधी कागद भिजेतो रंग ओतला, मग ओरबाडलं, खरवडलं, घासलं, सगळा गोंधळ दिसत होता; हळूहळू त्यातून जहाज वर आलं. १८४२ च्या 'ब्लू रिगी' चित्रात, स्वित्झर्लंडच्या त्या निळ्या डोंगराच्या पहाटेत, आकाशातला शुक्र रंगवलेला नाही. वाळलेला रंग खरवडून खालचा कागद उघडा केलाय. म्हणजे सोडायचा राहिला तरी कागद परत मिळवता येतो, फक्त त्यासाठी कागद दमाचा हवा आणि हातही.

चित्रं इतकी पुढे गेली तरी मान मिळत नव्हता. लंडनच्या रॉयल अकादमी या कलासंस्थेच्या प्रदर्शनांत जलरंग भडक तैलचित्रांच्या सोबतीनं टांगले जात आणि बिचारे फिके पडत. वैतागून काही चित्रकारांनी १८०४ मध्ये जलरंगाची स्वतंत्र संस्था काढली, १८०५ पासून स्वतंत्र प्रदर्शनं भरवली. गर्दी झाली, चित्रं खपली. पण तैलचित्राशी बरोबरी करायची म्हणून ती मोठी होऊ लागली, सोनेरी चौकटीत बसू लागली, आणि रंगांचे थर जाडावले. त्यात १८३४ मध्ये विन्सर अँड न्यूटन कंपनीनं 'चायनीज व्हाइट' आणला, जस्ताचा, झाकणारा पांढरा. आता कागद सोडायची गरजच उरली नाही; हवा तिथे पांढरा ठेवा. इथून एक भांडण सुरू झालं: पांढरा रंग वापरला तर ते खरं जलरंग का? व्हिक्टोरियन काळातली कित्येक चित्रं या पांढऱ्याच्या जोरावर पिसं, गवताच्या काड्या, पक्ष्यांची घरटी यांत गुंतून पडली. कारागिरी थक्क करणारी, यात शंका नाही. पण हवा पुन्हा निघून गेली, असं मला वाटतं.

दुसरं संकट अधिक खरं होतं. रंग उडत होते. १८८६ मध्ये लंडनच्या वर्तमानपत्रात यावरून जोरदार वाद पेटला. मग रसेल आणि ॲबनी या दोन शास्त्रज्ञांनी प्रयोग करून १८८८ मध्ये अहवाल दिला: उजेड, दमटपणा आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की बरेच प्रचलित जलरंग फिके पडतात. गर्टिनच्या कित्येक चित्रांत आकाशाचा निळा, जो नीळ वापरून केला होता, तो आज जवळजवळ गेलाय आणि ढग तांबूस दिसतात. जुन्या जलरंगाला आपण जो 'उबदार मंदपणा' म्हणून दाद देतो, त्यातला काही चित्रकारानं योजलेला नसून उन्हानं दिलेला असतो. हेन्री व्हॉन या संग्राहकाच्या मृत्युपत्रानुसार १९०० मध्ये त्याची टर्नरची जलरंगचित्रं डब्लिन आणि एडिनबराच्या संग्रहालयांना मिळाली ती एका अटीवरच: लोकांना दाखवायची ती फक्त जानेवारीत, जेव्हा तिथे ऊन सर्वांत कमी असतं. तो प्रघात अजून चालतो.

जलरंगाचा हात मोकळा झाला तो पुन्हा इंग्लंडबाहेर. अमेरिकेचा विन्स्लो होमर १८८१-८२ मध्ये इंग्लंडच्या कलरकोट्स या कोळीवस्तीत राहून आला. त्यानंतर त्याच्या जलरंगातला समुद्र वजनदार झाला, आणि पुढे उष्ण कटिबंधातल्या बेटांवर तर त्यानं कागदाचा पांढरा उन्हासारखा वापरला. जॉन सिंगर सार्जंट श्रीमंतांच्या तैलव्यक्तिचित्रांना कंटाळून सुट्टीत जलरंग करी. व्हेनिसच्या भिंती, आल्प्समधले ओढे, तंबूंचं पांढरं कापड. १९०९ मध्ये ब्रुकलिन संग्रहालयानं त्याची ८३ जलरंगचित्रं एका झटक्यात विकत घेतली. सार्जंट सोवळं पाळत नसे. मेण लावून कागद राखी, जाड पांढराही बिनदिक्कत वापरी. त्याच सुमारास फ्रान्समध्ये चित्रकार सेझान सेंट व्हिक्टुआर डोंगर रंगवताना अर्ध्याहून अधिक कागद कोरा ठेवत होता, पण त्याचा कोरेपणा निराळा: तिथे उजेड नाही, अजून न ठरलेली जागा आहे. आजच्या निसर्गचित्रकारांपैकी बहुतेकांचं नातं सार्जंटशी जवळचं आहे, सेझानशी कमी.

विसाव्या शतकानं आणखी एक गोष्ट गुपचूप करून ठेवली. १९३५ मध्ये थॅलो हा कृत्रिम निळा बाजारात आला, १९५० च्या दशकाच्या शेवटी क्विनॅक्रिडोन ही लाल-जांभळ्या छटांची कृत्रिम रंगद्रव्यं. दोन्ही झगझगीत पारदर्शक आणि प्रकाशाला दाद न देणारी. टर्नरच्या पेटीत जे किरमिजी रंग हमखास उडणारे होते, त्यांची जागा टिकणाऱ्यांनी घेतली. जलरंग विकत घेताना तो टिकेल का, ही धास्ती त्यामुळे बरीच कमी झाली.

आता पुन्हा झ्बुकविच यांच्या ओल्या रस्त्याकडे. आपली पद्धत ते एका घड्याळाच्या रूपात समजावतात. एकीकडे रंगाचा दाटपणा: चहा, कॉफी, दूध, साय, लोणी. दुसरीकडे कागदाची ओल: कोरडा, दमट, ओलसर, चिंब. कोणत्या क्षणी कोणता दाटपणा कोणत्या ओलीवर पडतो, यावर सगळा खेळ. चिंब कागदावर चहा पडला की धुकं. ओलसर कागदावर साय पडली की कडा विरघळलेलं झाड. कोरड्या कागदावर लोणी पडलं की ट्रामच्या चाकाखालचा ठसठशीत काळोख. उलट घडलं, म्हणजे अर्धवट वाळलेल्या पॅचवर चहाचा थेंब गेला, तर पाणी रंग ढकलत नेतं आणि फुलकोबीसारखा डाग उमटतो. त्यात वाळल्यावर प्रत्येक वॉश फिका होतो, हाही हिशेब आधीच धरायचा. सहजता दिसते ती या निर्णयांच्या वेगाची. दाद द्यायची तर नुसती वेगाला न देता निर्णयाला द्यावी: कुठली कडा हरवू दिली, कुठली राखली, कुठे तपशील टाकायचा मोह टाळला.

आणि तो पांढऱ्याचा वाद? तो मिटलेला नाही. अमेरिकेत फक्त पारदर्शक जलरंगाला वाहिलेली स्वतंत्र संस्था आहे. झ्बुकविच मात्र बाकी सगळं पारदर्शक ठेवून शेवटी एखाद्या दिव्यावर किंवा खांद्यावर अपारदर्शक पांढऱ्याचा ठिपका देतात. कर्मठ मंडळी नाकं मुरडतात. चित्रासमोर उभं राहून सोडलेला पांढरा कुठला आणि ठेवलेला कुठला हे ओळखून पाहावं: सोडलेल्याच्या कडा भोवतीच्या वॉशनं ठरवलेल्या असतात, ठेवलेला किंचित निळसर आणि बाकीच्यांहून वर आलेला दिसतो. छापील प्रतीत किंवा मोबाइलवर हा फरक बहुतेक वेळा पकडता येत नाही.