लेझरने चेहऱ्यावर व्रण पडतातच का?
‘लेझर केलं की कायमचे व्रण उठतात,’ हे नाशिकमध्ये लग्नसराई जवळ आली की हमखास ऐकू येतं. बहुतेकदा दिसतो तो व्रण नसतोच. गव्हाळ-सावळ्या कातडीवर उठलेला काळसर डाग असतो, सहसा काही महिन्यांत फिकटणारा. व्रण बोटाला लागतो: उंचवटा किंवा खड्डा. फ्रॅक्शनल लेझरमध्ये बारीक छिद्रं पडतात, मधली कातडी शाबूत राहते, म्हणून जखम लवकर भरते. धोका शून्य मात्र नाही. ऊर्जा जास्त झाली, जंतुसंसर्ग झाला, खपली नखाने उचकटली किंवा केलॉइडची, म्हणजे जखमेच्या बाहेरही वाढत जाणाऱ्या जाड व्रणाची, प्रवृत्ती असली, तर व्रण राहू शकतो. मानेला जास्तच जपावं लागतं. आणि गंगापूर रोडवर भर दुपारी सनस्क्रीन-स्कार्फशिवाय गाडी हाकलीत, तर डागांचं खापर एकट्या लेझरवर फोडू नका!