संविधान-स्वीकृती, मराठवाड्यातील

जुन्या हैदराबाद संस्थानातील औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद या मराठी जिल्ह्यांना भारताचे संविधान लागू झाले, ती घटना. संविधान घडत असताना या प्रदेशाचा आवाज घटना समितीत नव्हता. दर दहा लाख लोकांमागे एक प्रतिनिधी या सूत्राने हैदराबादच्या वाट्याला १६ जागा येत होत्या. निजाम मीर उस्मान अली खान भारतात सामील न झाल्याने त्या रिकाम्याच राहिल्या. सप्टेंबर १९४८च्या पोलीस कारवाईने, म्हणजे भारतीय सैन्याच्या मोहिमेने, संस्थान भारताच्या ताब्यात आल्यानंतरही त्या भरल्या गेल्या नाहीत.

मूलभूत हक्कांचे मोल इथे फार जवळून कळलेले होते. ‘गश्ती निशाण ५३’ या फतव्यामुळे परवानगीशिवाय जाहीर सभा घेता येत नसे. १९३८ साली औरंगाबादच्या कॉलेजातील विद्यार्थ्यांना वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास मनाई झाली. मुले हटली नाहीत, तेव्हा शिक्षणावर पाणी सोडण्याची पाळी आली. उस्मानिया विद्यापीठातून काढलेल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला. त्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस या संस्थानातील राजकीय संघटनेवर बंदी आली आणि स्वामी रामानंद तीर्थ यांच्यासह अनेकांनी सत्याग्रह करून तुरुंग पत्करला. त्यांची मागणी जबाबदार राज्यपद्धतीची, म्हणजे लोकप्रतिनिधींना उत्तरदायी असलेल्या सरकारची होती. सभा, संघटना व भाषणाचे स्वातंत्र्य देणारा संविधानाचा अनुच्छेद १९ मराठवाड्यात वाचायचा तो या पार्श्वभूमीवर.

२३ नोव्हेंबर १९४९ रोजी, घटना समितीने संविधान स्वीकारण्याच्या तीन दिवस आधी, निजामाचे फर्मान निघाले : भारताचे संविधान हेच हैदराबादचेही संविधान राहील. कारभार तेव्हा लष्करी गव्हर्नर जयंतनाथ चौधुरी यांच्या हाती होता, त्यामुळे हा निर्णय एकट्या निजामाचा म्हणता येत नाही. फर्मानात एक अट मात्र फार महत्त्वाची होती. या स्वीकृतीला राज्यातील जनतेची, तिच्या घटना समितीमार्फत, मान्यता मिळायची होती. तशी वेगळी समिती पुढे भरली नाही. संविधान २६ जानेवारी १९५० पासून लागू झाले, हैदराबाद ‘ब’ वर्गाचे, म्हणजे पूर्वीच्या संस्थानांच्या गटातले, राज्य बनले आणि निजाम त्याचे राजप्रमुख, म्हणजे राज्यपालासारखे घटनात्मक प्रमुख, झाले.

ज्या जनतेने हक्कांसाठी तुरुंग भोगला, तिची संमती राजाच्या कागदावर अटीपुरतीच उरावी, ही या इतिहासातली खरी उणीव आहे. १९५२ च्या निवडणुकीत मात्र प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला मत मिळाले. संविधानाला इथल्या माणसांनी दिलेली खरी मान्यता त्या रांगांमध्ये शोधावी लागते.

१९५६ मध्ये हे पाच जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१ मध्ये वेगळ्या विकास मंडळाची तरतूद केली आणि ‘मराठवाडा’ हे नाव संविधानाच्या मजकुरात आले. प्रत्यक्ष मंडळ स्थापन व्हायला १९९४ उजाडले. त्याची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली.