स्ट्रॅथस्पे

स्कॉटलंडच्या नृत्यसंगीतातील, मुख्यतः व्हायोलिनवर वाजविला जाणारा चार मात्रांचा धूनप्रकार. स्पे नदीच्या खोऱ्यावरून त्याला हे नाव पडले. रील या दुसऱ्या स्कॉटिश नृत्यधुनेच्या द्रुत व सम चालीहून त्याची लय संथ असून तीत दीर्घ-ऱ्हस्व किंवा ऱ्हस्व-दीर्घ स्वरांच्या जोड्या येतात. त्यांपैकी ‘स्कॉच स्नॅप’मध्ये मात्रेचा पहिला चतुर्थांश तोकड्या, आघातयुक्त स्वराला आणि उरलेले तीन चतुर्थांश पुढच्या स्वराला मिळतात.

उगमाविषयी मतभेद आहेत. प्रवासवर्णनकार टॉमस न्यूटने १७९१ मध्ये नोंदविलेल्या परंपरेनुसार याच खोऱ्यातील किंकार्डिनच्या ब्राउन घराण्याने या धुना प्रथम वाजविल्या व त्यानंतर फ्रूखीच्या कमिंग घराण्याची ख्याती झाली. ‘स्ट्रॅथस्पे रील’ ही संज्ञा १७४९ च्या मेंझीझ या नृत्यविषयक हस्तलिखितात आढळते. परंतु नाव खोऱ्याचे म्हणून ठेकाही तेथेच जन्मला, असे ठरत नाही. हा ठेका स्कॉटलंडच्या गेलिक भाषेतील गीतांच्या उच्चारणातून आला असावा, हे अभ्यासक विल्यम लॅम यांचे प्रतिपादन अधिक ग्राह्य वाटते.

रॉबर्ट ब्रेम्नर (१७५७ पासून), अँगस कमिंग (१७८०), विल्यम मार्शल (१७८१, १८२२) व नील गाऊ (१७८४ पासून) यांचे संग्रह आजही वादकांचे मुख्य आधार आहेत. त्यांत बहुधा धून आणि खाली चेलो या मोठ्या, खर्जातील तंतुवाद्यासाठी मंद्र स्वरांची ओळ असते. गज कसा फिरवावा याचे दिग्दर्शन मात्र अपुरे असते. गाऊच्या वादनाची मोहिनी गज टोकाकडून परत आणतानाच्या जोरकस, अचूक आघातात होती, असे समकालीन वर्णन आहे. छापील स्वरलेखनात हा आघात उतरत नाही. म्हणून एकाच धुनेचे अनेक संग्रहांतील पाठ ताडून पाहणे आणि जाणत्या वादकाकडून गजाचे वळण शिकणे, दोन्ही आवश्यक ठरते. कर्तृत्वाबाबतही असाच ताळा घ्यावा लागतो, कारण मार्शलच्या काही धुना गाऊंच्या संग्रहांत त्याच्या नावाविना आल्या आहेत. मार्शलच्या रचनांत अनेक कोमल स्वर असलेल्या अवघड पट्ट्या येतात. त्याच्याच एका स्ट्रॅथस्पेवर स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सने गीत रचले.

कॅनडातील केप ब्रेटन बेटावर स्थलांतरितांनी ही वादनपरंपरा नेली. तेथे अठराव्या शतकातील शैली टिकून आहे, हे मत सावधपणे स्वीकारावे, कारण तेथील वादकांनीही छापील स्कॉटिश संग्रहांचा भरपूर वापर केला आहे.