हेडसेटच्या खोक्यावरची रेंज विसरा

आरसी गाड्यांच्या, म्हणजे रेडिओ रिमोटवर पळणाऱ्या गाड्यांच्या शर्यतीत चालक आणि मेकॅनिकला एकमेकांशी बोलता यावं म्हणून हेडसेट घ्यायला निघालेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो रेंजचा. इंदूरच्या जेल रोडवरचं डॉलर मार्केट असो की ऑनलाइन दुकान, खोक्यावर ठळक अक्षरांत तेच असतं: ३ किलोमीटर, ५ किलोमीटर. आता शहराच्या बायपासपलीकडे एखाद्या मोकळ्या प्लॉटवर माती टाकून केलेला ट्रॅक डोळ्यांसमोर आणा. चालक उभे राहतात ते मचाण आणि गाडीत इंधन भरतात ते पिट यांच्यात अंतर किती? वीस-पंचवीस मीटर, फार तर तीस. एवढ्या अंतरावर तर घसा ताणून मारलेली हाकही ऐकू जायला हवी. ती जात नाही. का जात नाही हे कळलं, की निम्मी निवड तिथेच झाली.

ज्यांनी ही शर्यत पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नायट्रो प्रकारातली बग्गी खऱ्या गाडीच्या एक-अष्टमांश मापाची. तिला ३.५ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन आणि १२५ मिलिलिटरची टाकी. इंधन मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांचं मिश्रण. टाकी सात ते दहा मिनिटांत संपते आणि फायनल अर्धा तास, कधी तासभर चालते. चालक वर मचाणावर, त्याचा मेकॅनिक खाली पिटमध्ये इंधनाची बाटली घेऊन तयार. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते, त्यामुळे चालकाने ‘बोलावतोय का?’ म्हणून खाली एक नजर टाकली तरी गाडी वळणाबाहेर गेलेली असते. डोळे गाडीवरच ठेवायचे, तर निरोप कानानेच यायला हवा.

आणि कानाचीच तर पंचाईत आहे. टू-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट होतो. हे चिमुकलं इंजिन मिनिटाला तीस हजार फेरे सहज घेतं. साठने भागा: सेकंदाला ५०० स्फोट, म्हणजे ५०० हर्ट्झचा मूळ सूर. त्याच्या पटीतले सूर १०००, १५००, २००० असे वर चढत जातात. माणसाचं बोलणं समजायला पुरेसा म्हणून टेलिफोनसाठी जो पट्टा धरला गेला, तो ३०० ते ३४०० हर्ट्झचा. म्हणजे हे इंजिन नेमकं बोलण्याच्याच पट्ट्यात ओरडतं. ट्रकचं इंजिनही दणदणीत असतं, पण त्याची घरघर बरीचशी खालच्या सुरातली, म्हणून ट्रकच्या केबिनमध्ये दोघं गप्पा मारू शकतात. इथे मात्र दहा गाड्या एकदम सुटल्या की स्वर कसेबसे कळतात, व्यंजनं बुडतात.

म्हणूनच ‘नॉइज कॅन्सलिंग’ या शब्दावर भाळून महागडे हेडफोन घेण्यात फारसा अर्थ नाही. बाहेरच्या आवाजाची उलटी लहर तयार करून तो मारायचा, ही त्यांची युक्ती. ती खालच्या आणि एकसारख्या सुरांवर छान चालते, विमानातल्या घरघरीवर तर फारच. साधारण १००० हर्ट्झच्या वर तिचा जोर ओसरतो आणि तिथे कानाला घट्ट बसणारी साधी गादीच जास्त काम करते. त्यातून आरसीचं इंजिन क्षणाक्षणाला चढतं-उतरतं.

त्यापेक्षा पैसे माइकवर खर्च करावेत, कारण मेकॅनिकच्या बाजूने गोंगाट शिरला तर चालकाच्या कानात कितीही चांगला स्पीकर असून उपयोग नाही. माइक ओठांपासून ८ सेंटिमीटरवर होता, तो १ सेंटिमीटरवर आणला तर बोलण्याचा आवाज साधारण १८ डेसिबलने वाढतो. दर वेळी अंतर निम्मं केलं की ६ डेसिबल, असा हिशेब. इंजिनं दूर आहेत, त्यांच्या आवाजात या सात सेंटिमीटरने काहीच फरक पडत नाही. म्हणजे एक पैसा न खर्चता गोंगाटाच्या तुलनेत बोलणं १८ डेसिबल वर आलं. चांगल्या दांडीच्या माइकला पुढे आणि मागे अशी दोन्हीकडून भोकं असतात. लांबून येणारा आवाज पडद्याच्या दोन्ही बाजूंवर जवळपास सारखा दाब देतो आणि बराचसा रद्द होतो. ओठांचा आवाज पुढच्या बाजूला जोरात लागतो आणि टिकतो. हा फायदा माइक ओठाला जवळजवळ टेकलेला असेल तरच. कानात खोचायच्या इअरबड्सचा माइक ओठांपासून दहा-बारा सेंटिमीटर लांब असतो, म्हणून घरी उत्तम वाटणारे इअरबड्स पिटमध्ये मान टाकतात. माइकवर स्पंजची टोपी हवीच. उन्हाळ्यात माळव्याच्या मोकळ्या माळावर वारा सुटला की टोपीविना माइकमधून नुसती फडफड ऐकू येते.

चालकासाठी मात्र दोन्ही कान झाकणारा हेडसेट मी सुचवणार नाही. नायट्रो चालवणारा माणूस इंजिन कानाने वाचत असतो. टाकी तळाला गेली की मिश्रणातलं इंधन कमी होऊन इंजिनाचा सूर बदलतो, आणि अनुभवी चालक तेवढ्यावरून सावध होतो. एका कानात हेडसेट, दुसरा कान ट्रॅकसाठी मोकळा. मेकॅनिकने दोन्ही कान खुशाल झाकावेत. त्याला तासन्‌तास त्या आवाजात उभं राहायचं असतं.

आता रेडिओ. पूर्वी आरसी गाड्या २७ मेगाहर्ट्झवर चालायच्या, सहा वाहिन्या, प्रत्येकीला एक रंग. वाहिनी ठरवणारा क्रिस्टल दोघांनी पिवळ्याचाच लावला की एकाची गाडी दुसऱ्याच्या हुकमावर पळायची. आज जवळपास सगळे ट्रान्समीटर, म्हणजे चालकाच्या हातातले रिमोट, २.४ गिगाहर्ट्झवर आहेत आणि वाहिन्या बदलत, उड्या मारत चालतात, त्यामुळे दहा-बारा जण एकत्र खेळू शकतात. हाच पट्टा ब्लूटूथचा, वाय-फायचा आणि मोटारसायकलवाल्यांच्या बहुतेक इंटरकॉमचाही.

इथे लोकांची भीती उलटी असते. ‘ब्लूटूथ लावलं तर गाडी बेकाबू होईल ना?’ असं विचारतात. सहसा होत नाही. आधी मान टाकतो तो हेडसेटच. हिशेब बघा. चालकाच्या हातातला ट्रान्समीटर साधारण १०० मिलिवॉटपर्यंतचा आणि कानापासून ४० सेंटिमीटरवर. मेकॅनिकच्या डोक्यावरचं साधं ब्लूटूथ अडीच मिलिवॉटचं आणि २० मीटरवर. अंतर पन्नास पट, आणि शक्ती अंतराच्या वर्गाने घटते, म्हणजे त्यामुळेच २५०० पटींचा फरक. वर ट्रान्समीटर मुळातच ४० पट जोरदार. दोन्ही मिळून एक लाख पट. लग्नाच्या वरातीत बँडला खेटून उभं राहायचं आणि रस्त्यापलीकडच्या आत्याचं बोलणं ऐकायचं, तशातला प्रकार. आणि मचाणावर असे ट्रान्समीटर दहा!

ब्लूटूथ यावर उपाय करतं खरं. ७९ वाहिन्यांमध्ये ते सेकंदाला १६०० उड्या मारतं, आणि २००३ च्या १.२ आवृत्तीपासून गजबजलेल्या वाहिन्या ओळखून टाळतं, फक्त किमान २० वाहिन्या वापरात ठेवतं. वाय-फाय एका जागी ठाण मांडून बसतं, त्याला असं टाळता येतं. आरसी ट्रान्समीटर मात्र स्वतःच पट्टाभर उड्या मारतात. जो एका जागी थांबतच नाही त्याला टाळणार कसं? त्यात २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर, आणि माणसाचं पाण्याने भरलेलं शरीर ती चांगलीच शोषतं. मेकॅनिक वाकला, त्याचं डोकं मध्ये आलं, की शब्द तुटले.

म्हणून माझं मत सरळ आहे: गाडीच्या पट्ट्यात बोलू नका. भारतात त्यासाठी बरा पर्याय म्हणजे ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचे कमी शक्तीचे वॉकी-टॉकी, ज्यांना २०१८ च्या नियमांनुसार परवान्यातून सूट आहे. त्यांची लहर ६७ सेंटिमीटरची, ती माणसांना वळसा घालून बऱ्यापैकी पोचते. आणखी एक गोष्ट कागदावर पडताळून पाहण्यासारखी आहे. कुठलाही ट्रान्समीटर आपल्या कंपनसंख्येच्या पटीतही थोडी कुजबुज करत असतो. ४४६ ची पाचपट २२३०, सहापट २६७६; गाडीचा पट्टा २४०० ते २४८३.५. दोन्ही पटी त्याच्या बाहेर पडतात.

खरेदी करताना मात्र डोळे उघडे ठेवावेत. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे, १३६ पासून ५२० मेगाहर्ट्झपर्यंत कुठेही लावता येणारे सेट या सवलतीत बसत नाहीत. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून आपल्याकडे दंडक असा आहे की परवान्याशिवाय बिनतारी यंत्र नुसतं जवळ बाळगणंही चालत नाही. विक्रेत्याकडून ईटीए, म्हणजे बिनतारी यंत्राच्या नमुन्याला मिळणारी सरकारी मान्यता, दाखवूनच घ्यावी. अमेरिकेतल्या दादाने प्रेमाने आणलेला डेक्ट, म्हणजे घरगुती कॉर्डलेस फोनच्या तंत्राचा, हेडसेट हा आणखी एक सापळा. तंत्र म्हणून डेक्ट मला आवडतं: दर १० मिलिसेकंदांचे २४ तुकडे करून येणं-जाणं वाटून घेतात, त्यामुळे बटण न दाबता दोघं एकाच वेळी बोलू शकतात. पण अमेरिकन डेक्ट १९२० ते १९३० मेगाहर्ट्झवर चालतं, आणि आपल्याकडे १९२० ते १९८० हा पट्टा मोबाइलकडून टॉवरकडे जाणाऱ्या लहरींचा आहे. तो सेट इथे चालू करू नये.

फोनवर कॉल लावून खिशात ठेवण्याची युक्ती बरेच जण करतात. इंधनाच्या निरोपाला ती पुरते. पण दोन्हीकडे ब्लूटूथ आणि मध्ये नेटवर्क असा प्रवास ३०० मिलिसेकंदांवरही जाऊ शकतो, आणि तेवढ्यात ६० च्या वेगाने गाडी पाच मीटर पुढे गेलेली असते. ‘उडीपलीकडे गाडी उलटलीय’ ही सूचना पाच मीटर उशिरा मिळून काय करायची?

उशिरापेक्षा छुपा दोष म्हणजे तुटणारं पहिलं अक्षर. बोलायला लागलं की आपोआप सुरू होणाऱ्या, म्हणजे व्हॉक्स पद्धतीच्या सेटला आवाज ओळखायला क्षणभर लागतो आणि तेवढ्यात सुरुवात गिळली जाते. समजा वर भाचा आहे, खाली मामा. पिटच्या तोंडाशी दुसरी गाडी अडकलीय, म्हणून मामा घाईने म्हणतो, “नको, आत येऊ!” भाच्याच्या कानात पोचतं, “आत येऊ!” पिटमध्ये व्हॉक्स आणखी एका कारणाने नको: दहा इंजिनांच्या गोंगाटाने ते आपोआपच चालू राहतं. बटण दाबून बोलावं, दाबल्यावर अर्धा श्वास थांबावं आणि सुरुवात गाडीच्या नंबराने करावी. “बारा, बारा, एक लॅप थांब.” पहिला ‘बारा’ गेला तरी बिघडत नाही.

आणि भाच्याने उत्तर कसं द्यायचं? एक हात स्टिअरिंगच्या चाकावर, दुसऱ्याचं बोट ट्रिगरवर. बटण दाबायला तिसरा हात नाही. माझ्या मते त्याने उत्तर देऊच नये. चालकाकडे फक्त ऐकणारा सेट, एका कानाचा, वायर शर्टाच्या आतून, सेट कमरेला मागच्या बाजूला. मचाणावर एक ट्रान्समीटर कमी, आणि खर्चही कमी. अर्थात काही स्पर्धांच्या नियमांत अशा संभाषणाला मनाई असू शकते; पैसे मोजण्याआधी आयोजकांना विचारावं.

सेट घेतल्यावर तो घरात तपासून काही कळत नाही. इंदूरकरांना यासाठी फुकटची प्रयोगशाळा आहे: रात्री खाऊगल्ली होणारा सराफा बाजार, तोही अकरा वाजता. एकाने भुट्ट्याच्या किसाच्या कढईपाशी उभं राहावं, दुसऱ्याने पंचवीस मीटरवर गर्दीपलीकडे. मध्ये शेकडो माणसं, प्रत्येकाच्या खिशात फोन, झाऱ्यांचा खणखणाट. एकाने आकडे वाचायचे: बावन्न, बासष्ट, बेचाळीस, बाहत्तर, ब्याऐंशी. दुसऱ्याने लिहायचे. मराठीतले हे आकडे पहिल्या अक्षराला सारखे आणि मध्येच फुटणारे, त्यामुळे कुठलं व्यंजन बुडतंय ते लगेच उघडं पडतं. पन्नासपैकी दोन-तीन चुकले तर ठीक, दहा चुकले तर सेट परत. दुसरी चाचणी ट्रॅकवर, मचाणावरचे सगळे ट्रान्समीटर चालू करून. पहिलीत पास झालेलं ब्लूटूथ बहुतेक वेळा इथे अडखळतं.

मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो. लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करायचे नसतात, आणि उन्हात लावलेल्या कारच्या आत तापमान त्याच्या बरंच वर जातं. डॅशबोर्डवर सेट चार्जिंगला लावून जेवायला जाऊ नये. चार्जर सावलीत, आणि इंधनाच्या टेबलापासून चांगला लांब. मिथेनॉल पेटलं तर भर दुपारी त्याची ज्योत जवळजवळ दिसतच नाही.