जोडकॉइल प्रज्वलन व मिसिंग (जुन्या चार-सिलिंडर मोटारसायकली)

होंडा सीबी७५०, कावासाकी झेड१, सुझुकी जीएस७५० अशा, साधारण १९६९ ते १९८० या काळातल्या जपानी मोटारसायकलींवरील प्रज्वलनपद्धती. या गाड्यांची चार-सिलिंडर इंजिने सांगाड्यात आडवी बसवलेली असतात. प्रज्वलनासाठी दोन पॉइंट (प्रवाह जोडणारे-तोडणारे यांत्रिक स्विच), दोन कंडेन्सर आणि दोन कॉइल (व्होल्टेज वाढवणाऱ्या गुंडाळ्या) असतात. प्रत्येक कॉइलच्या दोन्ही टोकांतून प्लगची वायर निघते, त्यामुळे एक कॉइल दोन सिलिंडरांना एकाच क्षणी ठिणगी देते. बाहेरचे सिलिंडर (१ व ४) एका कॉइलवर असतात आणि आतले (२ व ३) दुसरीवर. सिलिंडरांची मोजणी बसणाऱ्याच्या डाव्या हाताकडून होते. ठिणगीच्या क्षणी जोडीतल्या एकाच सिलिंडरात पेटण्याजोगे मिश्रण असते. दुसऱ्यात जळलेला वायू बाहेर पडत असतो आणि तिथली ठिणगी वाया जाते, म्हणून ही पद्धती ‘वेस्टेड स्पार्क’ या नावानेही ओळखली जाते. अशी गाडी मिसिंग करू लागली, म्हणजे एखाद्या सिलिंडरातले ज्वलन चुकू लागले, की कुठले सिलिंडर बंद पडले यापेक्षा कुठली जोडी बिघडली हे आधी पाहावे लागते.

उगम : चार-सिलिंडर मोटारसायकल या पद्धतीहून बरीच जुनी आहे. बेल्जियमच्या एफएन कारखान्याची, पॉल केलेकोम यांनी आखलेली गाडी १९०५ च्या सुमारास आली आणि तिची ठिणगी मॅग्नेटोवर (बॅटरीविना चुंबकाने वीज निर्माण करणाऱ्या यंत्रावर) होती. अमेरिकेतील हेंडरसन (१९१२ पासून) त्याच वाटेने गेली. एडवर्ड टर्नर यांची एरियल स्क्वेअर फोर १९३० च्या अखेरीस मॅग्नेटो घेऊन आली आणि १९४९ च्या आवृत्तीत बॅटरी, कॉइल व डिस्ट्रिब्युटरवर (एका कॉइलची ठिणगी क्रमाने प्रत्येक सिलिंडराला वाटणाऱ्या फिरत्या भागावर) गेली. बॅटरी-कॉइल-पॉइंट ही मांडणी सामान्यतः चार्ल्स केटरिंग यांच्या नावाने सांगितली जाते. तिचा प्रसार १९१० च्या आसपास कॅडिलॅक मोटारींपासून झाला.

दोन टोकांची कॉइल प्रथम कुणी वापरली याबद्दल मतभेद आहेत. १९४८ साली पॅरिसच्या प्रदर्शनात मांडलेल्या सितरोएन २सीव्ही या मोटारीचा दाखला वारंवार दिला जातो. तिच्या समोरासमोरच्या दोन सिलिंडरांना डिस्ट्रिब्युटरविना एकाच कॉइलमधून ठिणगी मिळे. दुसरे मत हार्ले-डेव्हिडसनकडे बोट दाखवते. तिथे दोन महायुद्धांच्या दरम्यानच एक पॉइंट आणि दुटोकी कॉइल ही जोडणी रूढ झाली होती, मात्र त्या व्ही आकाराच्या इंजिनात वाया जाणारी ठिणगी दुसऱ्या सिलिंडरात सोयीच्या क्षणी पडत नाही. तिसरे मत बीएमडब्ल्यूच्या समोरासमोर सिलिंडर असलेल्या गाड्यांवरील दुटोकी मॅग्नेटोला अग्रमान देते. हे तीन दावे बहुधा तीन वेगळ्या गोष्टींविषयी आहेत. एकाच गुंडाळीच्या दोन टोकांवरून दोन ठिणग्या घेण्याचे तत्त्व मॅग्नेटोच्या काळातले दिसते, त्याचे बॅटरी-कॉइलवरील रूप नंतरचे, आणि दोन जोड्या करून चार सिलिंडर चालवण्याची रीत रस्त्यावरच्या मोटारसायकलींत रुळवण्याचे श्रेय सीबी७५० कडे जाते. ७३६ सीसी क्षमतेची ही गाडी ऑक्टोबर १९६८ मध्ये टोकियोच्या प्रदर्शनात दाखवली गेली आणि पुढच्या वर्षी विक्रीला आली.

होंडाने डिस्ट्रिब्युटर का टाळला याचे एक स्पष्टीकरण खर्च आणि जागा यांकडे नेते. दुसरे यंत्ररचनेवर आधारलेले आहे आणि तेच अधिक पटण्याजोगे आहे. डिस्ट्रिब्युटर क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरावा लागतो, म्हणजे तो कॅमशाफ्टवरून किंवा गिअर घालून चालवणे आले, आणि कॅमशाफ्टच्या साखळीचा ढिलेपणा थेट टायमिंगमध्ये (ठिणगीच्या नेमक्या वेळेत) उतरतो. दोन जोड्या मानल्या की पॉइंटचा कॅम क्रँकशाफ्टच्या टोकावरच बसवता येतो. सीबी७५०, झेड१ आणि जीएस७५० या तिघींवर तो इंजिनाच्या उजव्या अंगाला, गोल झाकणाखाली आहे. क्रँकशाफ्टमध्ये १ व ४ चे पिस्टन एकत्र वर येतात, २ व ३ चे त्याच वेळी खाली जातात. प्रज्वलनक्रम १-२-४-३ असल्याने प्रत्येक अर्ध्या फेऱ्याला एकेक पॉइंट आळीपाळीने उघडतो.

ठिणगीचा परिपथ : पॉइंट मिटलेला असताना बॅटरीचा प्रवाह कॉइलच्या प्राथमिक गुंडाळीतून जमिनीला जातो. तो उघडताच प्रवाह तुटतो, प्राथमिक गुंडाळीत काही शे व्होल्ट आणि दुय्यम गुंडाळीत हजारो व्होल्ट उसळतात. कंडेन्सर पॉइंटच्या टोकांवरची विजेची चाप रोखतो आणि प्रवाह झटक्यात तुटू देतो.

इथवर सारे एक-सिलिंडर गाडीसारखेच. फरक दुय्यम बाजूला आहे. तिथे गुंडाळीचे एकही टोक जमिनीला जोडलेले नसते. प्रवाह एका वायरने पहिल्या प्लगमध्ये उतरतो, फट ओलांडून इंजिनाच्या धातूत जातो, दुसऱ्या प्लगच्या बाहेरच्या टोकावरून मधल्या टोकाकडे उलटी उडी मारतो आणि दुसऱ्या वायरने गुंडाळीत परततो. दोन्ही प्लग एकाच मालिकेत आहेत. निष्कासाच्या सिलिंडरातला दाब कमी असल्याने तिथली फट थोड्या व्होल्टेजवर ओलांडली जाते आणि कॉइलचे बहुतेक बळ दाबाखालच्या सिलिंडराच्या वाट्याला येते. जोडीतल्या एका प्लगचे मधले टोक ऋण असते तर दुसऱ्याचे धन. तापलेल्या टोकातून इलेक्ट्रॉन सहज सुटतात, म्हणून धन बाजूच्या प्लगला किंचित जास्त व्होल्टेज लागते. दीर्घ वापरानंतर एका प्लगचे मधले टोक झिजलेले आणि त्याच्या जोडीदाराचे बाहेरचे टोक झिजलेले दिसते ते यामुळे. तो बिघाड नव्हे.

मालिकेचा खरा परिणाम दोष शोधताना जाणवतो. एका प्लगवर कार्बन किंवा तेल चढून तो शॉर्ट झाला, तर परिपथ पूर्णच राहतो आणि जोडीदाराला उत्तम ठिणगी मिळते. मिसिंग एकाच सिलिंडरात राहते. उलट एक वायर तुटली किंवा प्लगवर बसणाऱ्या कॅपच्या आतला रोधक उडाला, तर परिपथ खंडित होतो आणि जोडीदारही अशक्त पडतो किंवा बंद होतो. म्हणजे दोष सिलिंडर १ च्या कॅपमध्ये असतो आणि तक्रार ४ ची असते. बंद सिलिंडराचाच प्लग, त्याचीच कॅप पुन्हा पुन्हा बदलून काही साधत नाही ते याच कारणाने. जोडीदार तपासल्याशिवाय कॉइलला दोष देऊ नये.

दोषशोधन : सीबी७५० ला चार स्वतंत्र सायलेन्सर असल्याने बंद सिलिंडर ओळखणे सोपे जाते. थंड इंजिन सुरू करून मिनिटभरात चारही पाइपांवर पाण्याचे थेंब टाकावेत. ज्या पाइपावर थेंब चरचरत नाहीत ते सिलिंडर काम करत नाही.

१ व ४ किंवा २ व ३ एकत्र गेले असतील तर शोध त्या जोडीच्या पॉइंट, कंडेन्सर, कॉइल आणि त्यांना जोडणाऱ्या एका वायरीपुरता उरतो. होंडात १-४ ची वायर निळी आणि २-३ ची पिवळी आहे. बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प या वायरीवर लावून क्रँकशाफ्ट हाताने फिरवावा. पॉइंट उघडला की दिवा लागला पाहिजे, मिटला की विझला पाहिजे. दिवा लागतच नसेल तर एक तर कॉइलपर्यंत वीज येत नाही, किंवा पॉइंटचा स्प्रिंग वा त्याची वायर पॉइंट बसवलेल्या बेस प्लेटला टेकली आहे, किंवा कंडेन्सर आतून शॉर्ट आहे. दिवा विझतच नसेल तर टोके जळलेली किंवा तेलकट आहेत. क्रँकशाफ्टचे सील गळू लागले की प्लेटमागे तेल येते आणि साफ केलेले पॉइंट पुन्हा तेलकट होतात. तिथे सील बदलणे हाच उपाय. कंडेन्सरविषयी खात्री नसेल तर झाकण काढून इंजिन चालवावे. एका पॉइंटवर दुसऱ्यापेक्षा ठळक निळी चाप दिसली की संशय पक्का होतो. कॉइल तपासायची तर निळ्या-पिवळ्या वायरींची अदलाबदल करून शिवाय प्लगच्या वायरीही जोड्यांसकट बदलाव्या लागतात. मीटरने प्राथमिक गुंडाळी साधारण ४ ते ५ ओहम दाखवते. मात्र गरम झाल्यावरच बिघडणारी कॉइल थंडपणी निर्दोष मोजली जाते.

एकच सिलिंडर गेले असेल तर या पद्धतीची एक सोय कामी येते. १ व ४ ला ठिणगी एकाच वेळी मिळत असल्याने त्यांच्या वायरी आपापसांत बदलल्या तरी इंजिन पूर्ववत चालते. वायर पोहोचत असेल तर अदलाबदल करून पाहावी. मिसिंग वायरीबरोबर दुसऱ्या सिलिंडरात गेले तर दोष वायर किंवा कॅपमध्ये आहे. तिथेच राहिले तर प्लग, कार्ब्युरेटर, व्हॉल्व्ह किंवा कॉम्प्रेशन पाहावे. फक्त आयडलला (इंजिनाच्या किमान वेगाला) बंद पडणारे आणि वेगात साफ चालणारे सिलिंडर पुष्कळदा कार्ब्युरेटरच्या बुजलेल्या पायलट जेटचे असते. त्या वेळी प्रज्वलनावर वेळ घालवणे व्यर्थ आहे. कॅप वायरीवर स्क्रूने बसते. ती उलगडून स्वतंत्र मोजावी. पाच हजार ओहमची कॅप जुनी होऊन कित्येक पटींनी जास्त दाखवू लागते. वायरीचे हिरवट टोक चार-पाच मिलिमीटर छाटून कॅप ताज्या तांब्यावर बसवली की काम होते. होंडाच्या मूळ कॉइलमध्ये वायर साच्यातच ओतलेली असल्याने ती वारंवार छाटता येत नाही. ठिणगी बघताना प्लग इंजिनाच्या धातूला घट्ट टेकवावा. मोकळी सोडलेली वायर कॉइलचे इन्सुलेशन फोडू शकते.

चारही सिलिंडर अशक्त असतील तर कॉइलच्या अलीकडे पाहावे. इथे जुन्या गाड्यांचे सर्वांत दुर्लक्षित दुखणे सापडते. बॅटरीतून निघालेली वीज फ्यूज, मुख्य स्विच, हेडलॅम्पच्या खोक्यातले कनेक्टर आणि हँडलवरचा किल स्विच ओलांडून कॉइलला पोहोचते. पन्नास वर्षांच्या वायरिंगमध्ये यांतला प्रत्येक सांधा थोडे व्होल्टेज खातो. की चालू आणि पॉइंट मिटलेला असताना मीटरचे एक टोक बॅटरीच्या धन टोकाला आणि दुसरे कॉइलच्या पुरवठ्याच्या टोकाला लावावे. अर्ध्या व्होल्टपर्यंतची घट चालते, एकाहून अधिक असेल तर सांधे उघडून साफ करावेत. पॉइंट उघडा ठेवून केलेली मोजणी निरर्थक आहे, कारण प्रवाहच नसल्याने घटही दिसत नाही. कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. १२.५ ऐवजी १०.५ व्होल्ट पोहोचले तर ठिणगीचे बळ एक-षष्ठांशाने नव्हे तर जवळजवळ तीन-दशांशाने घटते. कोकणातल्या दमट, खारट हवेत उभ्या राहिलेल्या गाड्यांत हा दोष लवकर येतो. कॉइलला बॅटरीवरून रिलेमार्फत थेट वीज देणे आणि जुन्या स्विचकडे फक्त रिले चालवण्याचे काम ठेवणे हा उपाय मूळ रूप जपणाऱ्यांना खटकतो, पण तो निर्धोक आहे आणि मूळ वायर न कापता करता येतो.

पॉइंट व टायमिंग : सीबी७५० साठी फट ०.३ ते ०.४ मिमी ठेवतात. आधी फट, मग टायमिंग, हा क्रम मोडू नये, कारण फट वाढवली की पॉइंट लवकर उघडतो आणि टायमिंग पुढे सरकते. आधी संपूर्ण बेस प्लेट फिरवून १-४ चे टायमिंग ‘एफ’ या ठिणगीच्या क्षणाच्या खुणेवर आणावे, नंतर छोटी प्लेट सरकवून २-३ चे. १-४ पुन्हा हलवले तर २-३ पुन्हा पाहणे आलेच. कॅमला वंगण नसेल तर पॉइंटची टाच झिजते, फट मिटत जाते आणि टायमिंग मागे पडते. गाडी हळूहळू सुस्त होते. प्लेटखालच्या अ‍ॅडव्हान्सरची (वेग वाढला की ठिणगी आधी आणणाऱ्या यंत्रणेची) वजने अडकली तर आयडल वर टांगून राहतो किंवा पिकअप जातो, आणि हे ठिणगीबरोबर लुकलुकणाऱ्या स्ट्रोबच्या दिव्यातच नीट कळते. मिनिटाला ८,००० फेऱ्यांच्या वेगात एक फेरा ७.५ मिलिसेकंदांत होतो, म्हणजे कॉइल भरायला जेमतेम चार मिलिसेकंद मिळतात. जास्त फट किंवा सैल स्प्रिंग यांचे मिसिंग म्हणूनच वरच्या वेगात प्रथम जाणवते.

महाराष्ट्रातील गॅरेजना पॉइंट व कंडेन्सर बुलेट, येझदी यांच्यामुळे पाठ होते, आणि राजदूत ३५० मुळे दोन पॉइंटची गाडीही. परंतु राजदूतच्या दोन्ही सिलिंडरांना स्वतंत्र कॉइल आहे, जोडीचा प्रश्न तिथे येत नाही.

उत्तरकाल : १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून पॉइंटच्या जागी चुंबकीय पिकअप आणि ट्रान्झिस्टर आले. १९७९ च्या दुहेरी कॅमशाफ्टच्या सीबी७५० वर पॉइंट नाहीत. जोडकॉइल मात्र टिकली आणि वर दिलेली जोडीची कसोटी या गाड्यांनाही लागू पडते. जुन्या गाड्यांवर डायना एस सारखे इलेक्ट्रॉनिक प्रज्वलनाचे संच पॉइंटच्या जागी बसवतात. त्यांनी फट व कंडेन्सर यांची देखभाल संपते, अ‍ॅडव्हान्सरची नाही. कमी ओहमची कॉइल संचाला सोसणारी आहे का हे आधी पाहावे. मूळ पॉइंटवर ती लावल्यास टोके जळतात. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र स्टिक कॉइल बसू लागल्यावर ही जोडी मोटारसायकलींतून मागे पडली.