‘डॉक्टर’ : पदवी, संबोधन आणि परवाना

आजारी माणूस उपचारांसाठी जातो तेव्हा समोरच्या व्यक्तीच्या नावाआधी लावलेले ‘डॉ.’ हे एवढेसे अक्षर त्याला धीर देते. या व्यक्तीने शरीराचे आणि रोगांचे रीतसर शिक्षण घेतले आहे, आणि तिची चूक झाल्यास तिला जाब विचारणारे कोणीतरी आहे, असे तो मनोमन गृहीत धरतो. प्रत्यक्षात त्या अक्षरामागे तीन निरनिराळ्या गोष्टी असू शकतात : विद्यापीठाने दिलेली पदवी, रूढीने मिळालेले संबोधन आणि कायद्याने नेमलेल्या परिषदेने दिलेला उपचाराचा परवाना. या तिन्ही एकाच व्यक्तीकडे असतीलच असे नाही आणि ‘डॉक्टर कोणाला म्हणावे’ या प्रश्नावरचे बहुतेक वाद त्यांची गल्लत झाल्यामुळेच उद्भवतात.

मुळात या शब्दाचा रोग्याशी संबंध नव्हता. शिकवणे या अर्थाच्या ‘डोसेरे’ या लॅटिन क्रियापदापासून तो आला आणि मध्ययुगीन युरोपातील विद्यापीठांत, धर्मशास्त्र, कायदा किंवा वैद्यक यांपैकी एखाद्या विषयाचे अध्यापन करण्यास पात्र ठरलेल्या विद्वानाला तो लावला जाई. आपला ‘वैद्य’ हा शब्दही ‘विद्’, म्हणजे जाणणे, या धातूच्या कुळातला आहे. एक शब्द शिकवण्यातून आला, दुसरा जाणण्यातून. बरे करण्याचा उल्लेख दोहोंतही नाही. विद्वत्ता आणि उपचाराचा अधिकार या वेगळ्या बाबी आहेत, हे मात्र राज्यकर्त्यांच्या फार लवकर ध्यानात आले. सिसिलीचा राजा दुसरा फ्रेडरिक याने 1231 मध्ये केलेल्या कायद्यानुसार इटलीतील सालेर्नो येथील वैद्यकाच्या आचार्यांकडून परीक्षा झाल्याशिवाय कोणालाही वैद्यकी करण्याची मुभा नव्हती. पुढे या नियमांत तीन वर्षे तर्कशास्त्र, पाच वर्षे वैद्यक आणि त्यानंतर अनुभवी वैद्याच्या हाताखाली एक वर्ष अशी अटही आली. आजच्या आंतरवासितेचे बीज त्या शेवटच्या वर्षात दिसते.

आता आजच्या पदव्यांकडे वळू. ब्रिटनमध्ये आणि तेथील शिक्षणपद्धती स्वीकारलेल्या भारतासारख्या अनेक देशांत डॉक्टर होण्यासाठी जी पदवी लागते, ती एमबीबीएस, म्हणजे वैद्यक आणि शल्यशास्त्र या दोन विषयांतील स्नातक पदव्यांची जोडी होय. ती डॉक्टरेट नाही. या पदवीधरांच्या नावाआधी लागणारे ‘डॉ.’ हे तांत्रिकदृष्ट्या आदराचे संबोधन आहे, परंतु ते इतके दृढ झाले आहे की उलट विद्यापीठात संशोधन करून पीएचडी मिळवणाऱ्यालाच ‘तुम्ही खरे डॉक्टर का?’ असे विचारले जाते. इतिहास पाहता हा प्रश्न उफराटा आहे.

अमेरिकेत याच टप्प्यावरच्या पदवीला एमडी म्हणतात. तेथे विद्यार्थी सहसा आधी चार वर्षांची अन्य पदवी घेतो आणि मग चार वर्षे वैद्यक शिकतो. ही व्यावसायिक डॉक्टरेट असून तिच्यासाठी पीएचडीसारखा मौलिक संशोधनाचा प्रबंध आवश्यक नसतो. तीच एमडी ही अक्षरे भारतात एमबीबीएसनंतरच्या विशेषज्ञतेच्या पदव्युत्तर पदवीसाठी वापरली जातात, तर ब्रिटनमध्ये आधीच डॉक्टर असलेल्याने प्रबंध लिहून मिळवायच्या संशोधन पदवीसाठी. दोन देशांतील नामफलकांवर एकसारखी अक्षरे दिसली तरी त्यांमागचे शिक्षण एकसारखे मानता येत नाही, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण मला आढळलेले नाही.

मला सर्वांत प्रामाणिक वाटते ती जर्मनीतील व्यवस्था. तेथे उपचार करणाऱ्याचे व्यवसायनाम ‘आर्ट्स्ट’ हे आहे आणि ‘डॉक्टर’ ही शैक्षणिक पदवी आहे. राज्य परीक्षा उत्तीर्ण होऊन शासकीय अनुज्ञा मिळाली की व्यक्ती ‘आर्ट्स्ट’ होते व रोगी तपासू शकते; नावाआधी ‘डॉ.’ लावण्यासाठी मात्र तिला स्वतंत्र प्रबंध सादर करावा लागतो. प्रबंध न लिहिलेला जर्मन वैद्य उपचारांच्या दृष्टीने तसूभरही कमी ठरत नाही. अधिकार नसताना यांपैकी कोणतेही बिरुद लावणे हा तेथे फौजदारी गुन्हा आहे.

ब्रिटनमधील शल्यचिकित्सकांची कथा याच्या उलट आहे. तेथे फिजिशियन, म्हणजे औषधोपचार करणारे वैद्य, हे विद्यापीठात शिकलेले असत, तर शल्यकर्म करणारे उमेदवारी करून हाताने विद्या शिकत आणि 1540 पासून 1745 पर्यंत त्यांची व न्हाव्यांची एकच संघटना होती. पदवी नसल्याने त्यांना ‘मिस्टर’ म्हटले जाई. आज प्रत्येक शल्यचिकित्सक आधी वैद्यकाचा पदवीधर असतो. तरीही ‘रॉयल कॉलेज’ या शल्यचिकित्सकांच्या व्यावसायिक संस्थेच्या परीक्षा पार केल्यावर तो ‘डॉ.’ सोडून अभिमानाने ‘मिस्टर’ होतो, आणि स्त्री असल्यास ‘मिस’ किंवा ‘मिसेस’. एकेकाळी कमीपणाचे असलेले संबोधन असे मानाचे झाले.

इतर आरोग्य व्यवसायांत चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. ब्रिटनमधील दंतवैद्यांना 1995 पासून आणि पशुवैद्यांना 2015 पासून ‘डॉ.’ हे आदरार्थी संबोधन लावण्याची मोकळीक मिळाली. मात्र त्यावरून ते माणसांवर सर्वसाधारण उपचार करणारे वैद्य असल्याचा समज होऊ नये, ही अपेक्षा तिच्याबरोबरच येते. अमेरिकेत औषधशास्त्र, भौतिकोपचार आणि दृष्टितपासणी या क्षेत्रांत प्रवेशाची पदवीच आता व्यावसायिक डॉक्टरेट आहे आणि परिचर्येतही उच्च स्तरावर अशी पदवी घेता येते. अशा पदवीधराने स्वतःला डॉक्टर म्हणणे शैक्षणिकदृष्ट्या चुकीचे नाही. अडचण शिक्षणाची नसून संदर्भाची आहे : रुग्णालयातील खाटेवर वेदनेने व्याकूळ झालेला माणूस ‘मी डॉक्टर आहे’ हे शब्द ऐकतो, तेव्हा त्याला त्यातून शैक्षणिक श्रेणी कळत नाही, तर आपल्या रोगाचे निदान करणारी व्यक्ती आल्याचे कळते. म्हणून अशा ठिकाणी नावाबरोबर आपला व्यवसाय सांगणे हे सौजन्यापुरते न ठेवता कर्तव्यच मानले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

ऑस्टिओपॅथीचे, म्हणजे हाडे, सांधे व स्नायूंवर हातांनी उपचार करण्याच्या पद्धतीतून निघालेल्या शाखेचे, उदाहरण येथे उद्बोधक आहे. या शाखेचे पहिले विद्यालय 1892 मध्ये अमेरिकेतील मिसूरी राज्यात अँड्र्यू टेलर स्टिल यांनी काढले. अमेरिकेतील डीओ, म्हणजे ऑस्टिओपॅथीची डॉक्टर ही पदवी घेतलेले पदवीधर, आज एमडी पदवीधरांप्रमाणेच औषधे लिहून देतात व शस्त्रक्रियाही करतात. ब्रिटनमधील ऑस्टिओपॅथ हा मात्र मुख्यतः सांधे व स्नायूंवर हातांनी उपचार करणारा, स्वतंत्र परिषदेकडे नोंदलेला व्यावसायिक असतो. त्या नोंदणीमुळे तो वैद्यकीय डॉक्टर ठरत नाही.

मग कायदा नेमके कशाचे रक्षण करतो? ब्रिटनमध्ये 1858 च्या कायद्याने वैद्यक परिषद आणि पात्र व्यावसायिकांची नोंदवही अस्तित्वात आली, ती मुख्यतः रुग्णाला पात्र आणि अपात्र यांतला फरक ओळखता यावा म्हणून. ऑस्ट्रेलियात आजही नुसता ‘डॉक्टर’ हा शब्द कायद्याने राखीव नाही. ‘मेडिकल प्रॅक्टिशनर’ हे व्यवसायनाम राखीव आहे, आणि 2023 पासून ‘सर्जन’ हेही. सौंदर्यशस्त्रक्रिया करणारे काही डॉक्टर शल्यविद्येचे विशेष प्रशिक्षण नसतानाही ते नाव लावत, ही त्यामागची पार्श्वभूमी होती.

नोंदवहीचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. पदवी एकदा मिळाली की सहसा आयुष्यभर टिकते, परवाना मात्र तसा नसतो. ब्रिटनमध्ये 2012 पासून डॉक्टरांना साधारण दर पाच वर्षांनी आपली पात्रता नव्याने सिद्ध करावी लागते, आणि गंभीर गैरवर्तन आढळल्यास त्यांचे नाव नोंदवहीतून काढले जाते. असे नाव काढले गेलेल्या व्यक्तीच्या भिंतीवर पदवीचे प्रमाणपत्र तसेच राहते. परिषदेच्या सार्वजनिक नोंदवहीत नाव शोधणाऱ्याला मात्र ती व्यक्ती आज रोगी तपासू शकत नाही, हे तेथेच कळते.