दगड पडताना पाहिलेली माणसं

२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. गुढी उतरवून झाली होती आणि पावणेआठच्या सुमारास अकोल्यात आम्ही गच्चीवर गप्पा छाटत बसलो होतो. तेवढ्यात उत्तरेच्या आकाशात तांबूस-पिवळ्या ठिपक्यांची वरात निघाली. एकामागे एक, प्रत्येकाला शेपूट. कुणी म्हणालं उल्का, कुणी म्हणालं विमान पेटलं. मी लगेच भावाला फोन लावून सांगितलं, "आत्ता आमच्या डोक्यावरून काहीतरी जळत गेलं, मिनिटभर तरी दिसत होतं, आणि पडलं ते इथंच, गावाबाहेर."

त्याच रात्री बातमी आली, की चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात धातूचं सुमारे तीन मीटर व्यासाचं कडं पडलंय. ते चिनी 'लाँग मार्च ३बी' रॉकेटच्या टप्प्याचं असावं, असा जाणकारांचा अंदाज निघाला. अकोल्यापासून लाडबोरी अडीचशे किलोमीटरहून लांब. म्हणजे 'गावाबाहेर' गेलं बाराच्या भावात. दुसऱ्या दिवशी शेजारच्या पोराने काढलेला व्हिडिओ पाहिला, तर ती वरात डोक्यावरून गेलेलीच नव्हती. ती पलीकडच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या वरून, डावीकडून उजवीकडे गेली होती. आणि मिनिटभर कुठलं, त्याच्या निम्मंही नाही.

तीन विधानं केली, तिन्ही चुकली. पण मला कुणी वेगळं विचारलं असतं, म्हणजे "झर्रकन गेलं की रेंगाळत? एकच होतं की रांग?", तर माझं उत्तर बरोबर आलं असतं आणि तेवढ्यावर उलगडा झाला असता. उल्का पृथ्वीच्या वातावरणात सेकंदाला किमान ११ किलोमीटर वेगाने घुसते, कधी कधी ७० च्याही पुढे. बहुतेक वेळा बोट दाखवेपर्यंत संपलेली असते. पृथ्वीभोवती फिरणारा रॉकेटचा सांगाडा मात्र सेकंदाला आठ किलोमीटरच्या आतच असतो, जवळजवळ आडवा उतरतो, वाटेत फुटतो आणि तुकडे रांगेत चालतात. गच्चीवरच्या प्रत्येकाने हे अचूक पाहिलं होतं. फक्त त्याला नाव चुकीचं दिलं.

दिसलं काय आणि त्याला नाव काय दिलं, या दोन गोष्टी एकाच वाक्यात इतक्या घट्ट चिकटून येतात, की ऐकणारा एकतर दोन्ही घेतो नाहीतर दोन्ही फेकून देतो. अठराव्या शतकात युरोपातल्या विद्वानांनी दोन्ही फेकलं.

१७६८ च्या सप्टेंबरात फ्रान्समध्ये ल्युसे गावाजवळ शेतात काम करणाऱ्या माणसांनी गडगडाट ऐकला आणि वरून एक दगड येऊन जमिनीत रुतताना पाहिला. हात लावला तर चटका बसला. दगड पॅरिसच्या विज्ञान अकादमीकडे गेला. तपासणाऱ्या तिघांत एक होता तरुण लाव्हाझिए, पुढे आधुनिक रसायनशास्त्राचा जनक ठरलेला. त्यांचा निष्कर्ष असा, की हा जमिनीवरचाच दगड, त्यावर वीज पडली असावी. १७९० मध्ये बार्बोतां इथे दगडांचा पाऊस पडला, तेव्हा तर तीनशेवर लोकांच्या साक्षी नोंदवून रीतसर कागद तयार झाला. त्यावर एका विद्वानाने हळहळ व्यक्त केली, की अख्खी नगरपालिका भाकडकथांना दाखला देते आहे.

त्यांना हसण्याआधी एक लक्षात घ्यावं. त्याच शेतकऱ्यांच्या तोंडी वीज म्हणजे दगड, रक्ताचा पाऊस, आकाशात लढणारी सैन्यं असंही सगळं होतं. चाळणी कुठे लावायची हे ठाऊक नसेल तर सगळं पोतंच उकिरड्यावर जातं.

चाळणी लावली ती क्लाड्नी या जर्मन माणसाने. वाळू पसरलेल्या पत्र्याच्या कडेवर व्हायोलिनचा गज फिरवला की नक्षी उमटते, ती 'क्लाड्नीची आकृती' शाळेत पाहिलेल्यांना हे नाव आठवेल. पण तो शिकला होता कायदा. वडील कायद्याचे प्राध्यापक, त्यांच्या धाकाने. तो ग्योटिंगेनच्या ग्रंथालयात बसला आणि आगीच्या गोळ्यांची, पडलेल्या दगडांची जुनी वर्णनं वकील जबान्या तपासतो तशी एकमेकांशेजारी ठेवून वाचली. वेगवेगळ्या देशांतले, वेगवेगळ्या शतकांतले, एकमेकांचं नावही न ऐकलेले लोक तोच क्रम सांगत होते: आधी उजेड, मग गडगडाट, मग काळ्या सालीचा दगड. १७९४ मध्ये त्याने लिहून टाकलं, की हे दगड अवकाशातून येतात. बऱ्याच जणांनी नाकं मुरडली.

पण पुढच्या काही वर्षांत आकाशच त्याच्या बाजूने साक्ष द्यायला उभं राहिलं. १७९४ मध्ये इटलीत सिएना, १७९५ मध्ये इंग्लंडमध्ये वोल्ड कॉटेज, आणि १९ डिसेंबर १७९८ ला आपल्याकडे बनारसजवळ क्राखुत गावात. संध्याकाळी आठची वेळ, आकाश निरभ्र. एक दगड चौकीदाराच्या झोपडीचं छप्पर फोडून आत आला. बनारसच्या एका इंग्रजाने गावकऱ्यांच्या जबान्या आणि दगड दोन्ही लंडनला धाडले. १८०२ मध्ये एडवर्ड हॉवर्ड या रसायनशास्त्रज्ञाने या वेगवेगळ्या ठिकाणच्या दगडांचं पृथक्करण केलं. सगळ्यांत लोखंडाच्या कणांत निकेल निघालं, आणि हे दगड एकमेकांशी जुळत होते. सापडले तिथल्या खडकांशी नव्हे. चौकीदाराला निकेलचा पत्ता असण्याचं कारण नव्हतं.

आणि मग आलं लेगल. माझ्या मते साक्षीदारांशी कसं वागावं याचा इतका चांगला धडा विज्ञानात दुसरा नाही. २६ एप्रिल १८०३, दुपारी एकच्या सुमारास नॉर्मंडीतल्या या गावाभोवती सुमारे तीन हजार दगड पडले. सरकारने चौकशीला पाठवलं ते झाँ-बातिस्त बियो या २९ वर्षांच्या भौतिकशास्त्रज्ञाला. तो थेट लेगलला गेलाच नाही. आधी दूर आलाँसाँ शहरात उतरला आणि तिथून विचारत विचारत निघाला: त्या दिवशी काही ऐकलंत? कोणत्या बाजूने? लेगलमधल्या गप्पांचा वाराही न लागलेल्या माणसांनी आधी बोलावं, हा हेतू.

जवळ पोचल्यावर त्याने दोन वह्या मनात वेगळ्या ठेवल्या. एकीत वस्तू: या भागातल्या खाणींत, भट्ट्यांच्या मळीत, खनिजांच्या संग्रहांत असा दगड त्या तारखेआधी कधी होता का? नव्हता. दुसरीत माणसं: पाद्री, शिपाई, मजूर, बायाबापड्या, पोरं. त्यांचे धंदे वेगळे, त्यांना एकत्र येऊन खोटं बोलण्यात काही लाभ नाही. मग त्याने ज्या ज्या ठिकाणी दगड पडल्याचं सांगितलं गेलं, त्या जागा नकाशावर मांडल्या. सुमारे दहा किलोमीटर लांब आणि चार रुंद असा लंबवर्तुळ तयार झाला. मोठे दगड एका टोकाला, लहान दुसऱ्या टोकाला. तिरप्या मार्गाने येणारा गोळा फुटला, तर जड तुकडे पुढे जाणार आणि हलके मागे पडणार, हे उघड आहे.

आता गंमत बघा. प्रत्येक शेतकऱ्याला फक्त आपल्या बांधावरचा दगड माहीत होता. लंबवर्तुळ कुणीच पाहिला नव्हता, म्हणून तो कुणी रचूही शकत नव्हता. वीस गावं मिळून थाप मारू शकतील, पण त्या थापेचा नकाशावर भूमितीच्या पुस्तकातला आकार कसा काय निघणार? बियोच्या अहवालानंतर उल्कापाषाणांवरचा वाद जवळपास मिटला.

(जाता जाता: १८०७ मध्ये अमेरिकेत वेस्टन इथे दगड पडले, तेव्हा अध्यक्ष जेफर्सन म्हणे म्हणाले, की आकाशातून दगड पडतात यापेक्षा दोन प्राध्यापक खोटं बोलतात हे मानणं सोपं. हे वाक्य सर्रास छापलं जातं. त्या वेळच्या कागदपत्रांत मात्र ते सापडत नाही. साक्षीदारांवर अविश्वास दाखवणाऱ्या या वाक्यालाच साक्षीदार नाही.)

साक्षीदार चुकतो कुठे, हेही आता बरंचसं कळलंय. अंधाऱ्या आकाशात अंतर कळायला डोळ्याजवळ काही साधनच नसतं. त्यामुळे शंभर किलोमीटर दूरचा गोळा झाडामागे गेला की तो 'त्या झाडामागेच' पडतो. शिवाय आठवण मुरते. १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरीच्या फिती दाखवून वेग विचारला. प्रश्नात 'आदळल्या' या अर्थाचं जोरकस क्रियापद होतं तेव्हा सरासरी उत्तर ताशी सुमारे ४१ मैल आलं. 'एकमेकींना लागल्या' असं सौम्य विचारलं तेव्हा ३२. दुसऱ्या प्रयोगात आठवड्याने विचारलं, फुटलेली काच पाहिलीत का? जोरकस शब्द ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांना काच आठवली. फितीत काच नव्हतीच. म्हणजे साक्ष बिघडते ती पुष्कळदा विचारणाऱ्याच्या तोंडून.

तरीही सगळ्यात अविश्वसनीय वाटणारी तक्रार कधी कधी खरी निघते. आगीचा गोळा दिसत असतानाच 'सूं सूं' किंवा तडतड ऐकू आल्याचं लोक शतकानुशतकं सांगत आलेत. हे अशक्य आहे. गोळा साठ किलोमीटर उंच असेल तर आवाज खाली यायला तीन मिनिटं लागतात. १७१९ मध्ये इंग्लंडवरून गेलेल्या गोळ्याच्या जबान्या गोळा करताना एडमंड हॅलेने, तोच धूमकेतूवाला, हा सूंसूंकार निव्वळ कल्पना म्हणून बाजूला काढला. पण साक्षीदार काही ऐकेनात; पुढची अडीचशे वर्षं तेच सांगत राहिले. १९८० मध्ये कॉलिन की या ऑस्ट्रेलियन भौतिकशास्त्रज्ञाने सुचवलं, की उल्केतून अतिदीर्घ लांबीच्या रेडिओलहरी निघत असतील आणि त्यांनी आसपासचे केस, पानं, चष्म्याच्या काड्या थरथरत असतील. २०१७ मध्ये दुसरा पर्याय पुढे आला: गोळ्याचा प्रकाश इतक्या झपाट्याने लुकलुकतो, की केस, पानं, गडद कपडे क्षणाक्षणाला तापतात-निवतात आणि लगतची हवा गुणगुणते. रेडिओ असो वा प्रकाश, येतो प्रकाशाच्याच वेगाने. आवाज आकाशातून आलाच नव्हता, तो ऐकणाऱ्याच्या कानाशेजारी जन्मला होता. 'अगदी जवळून आला' असं लोक म्हणत होते, तेही नेमकं जुळतं.

आता कॅमेरे आहेत. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियात चेल्याबिन्स्कवर गोळा फुटला, तेव्हा गाड्यांवरच्या कॅमेऱ्यांत खांबांच्या सावल्या सरकताना दिसल्या आणि त्यांवरून त्याचा मार्ग काढता आला. पण २२ मे २०१२ ला नागपूर जिल्ह्यात काटोलला भरदुपारी दगड पडले, तेव्हा शोधाशोध झाली ती अजूनही लोकांच्या सांगण्यावरून. एक तुकडा तर घराच्या छपरातून आत आला होता. त्या दगडांत पुढे ब्रिजमनाइट हे खनिज मिळालं, जे पृथ्वीच्या पोटात शेकडो किलोमीटर खोल असतं आणि हाती लागणं महाकठीण. उलट लोणार. तिथला आघात पाहून सांगणारं कुणी उरलं नाही, तेव्हा वय काढायचं ते खडकांवरूनच, आणि ते पद्धतीनुसार पन्नास हजार वर्षांपासून साडेपाच लाखांच्या वर कुठेही जातं.

२८ जानेवारी १९७६ च्या रात्री सौराष्ट्रात धजाला इथे दगड पडले. तिथेही अहमदाबादच्या शास्त्रज्ञांनी गावोगाव जाऊन जबान्या घेतल्या आणि गोळ्याचा मार्ग मांडला. अशा कामात 'कुठं पडलं' हा प्रश्न कुचकामी. त्या माणसाला घेऊन तो त्या वेळी उभा होता तिथेच जायचं. बाज असेल तर बाजेवर बसवायचं. आणि म्हणायचं, हात करून दाखवा, कुठून कुठे गेला. मग हाताची दिशा होकायंत्राने, उंची कोनमापकाने मोजायची. पंधरा कोसांवरच्या दुसऱ्या गावात दुसरा हात. दोन्ही रेषा वहीत वाढवल्या की जिथे छेदतात, तिथे वर आकाशात गोळा होता.

गुढीपाडव्याच्या त्या संध्याकाळसाठी मला आता कुणी विचारलंच, तर मी गच्चीच्या कोपऱ्यात उभा राहून हात लांब करीन. टाकीच्या वर वीतभर, डावीकडून उजवीकडे.